धवल्यांची रेकॉर्डिंगं कुठे ठेवू? क्लाऊड, मोठा डेटा प्लॅन की हार्ड डिस्क?

चेंदणीची_स्मिता | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, चेंदणी कोळीवाड्यातली. आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते आणि लग्नाचे विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतात. अशा आज्या आता फार थोड्या उरल्यात. दोन वर्षं झाली, जिचा पत्ता लागेल तिच्याकडे मी जाते. दिवाळे, घणसोली, सारसोळे, कधी पार उरणपर्यंत. तिला बसवून रेकॉर्ड करते. एकेक आजी एका बैठकीत दीड-दोन तास गाते. हातात कागद नाही, समोर वही नाही.

गेल्या रविवारी घणसोलीत होते. आजी मांडवाच्या धवल्यावर आल्या होत्या, डोळे मिटून गात होत्या. मी सहज फोनकडे पाहिलं तर पाटी आलेली, जागा शिल्लक नाही. रेकॉर्डिंग कधीच थांबलं होतं. त्यांना मधेच अडवायचा मला धीर झाला नाही. घरी येऊन बघते तर शेवटची बावीस मिनिटं नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझ्याकडे १२८ जीबीचा फोन आहे, शब्द उतरवून घ्यायला ६४ जीबीचा टॅब आहे. लॅपटॉप नाही, घरी वायफाय नाही. गूगलची फुकटची १५ जीबी कधीच भरली. प्लॅन रोज दीड जीबीचा. रिचार्ज धरून महिन्याला पाचशेच्या आसपास खर्च झेपेल. क्लाऊड विकत घेऊ, मोठा डेटा प्लॅन घेऊ, की आणखी काही? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. पुढची बैठक पुढच्याच रविवारी आहे.

निशिगंधा | शनिवार, रात्री १०:३१

बावीस मिनिटांचं वाचून पोटात कालवलं. त्या आजींना पुन्हा विचारा, गातील त्या.

अवि_ऐरोली | शनिवार, रात्री ११:०५

स्मिताताई, आधी एक सांगा, तुम्ही पूर्ण बैठकीचा व्हिडिओ करता की फक्त आवाज? सगळा हिशोब त्यावर आहे.

चेंदणीची_स्मिता | शनिवार, रात्री ११:०९

पूर्ण व्हिडिओ. फोन स्टँडवर लावते आणि सोडून देते.

अवि_ऐरोली | शनिवार, रात्री ११:५२

मग जागा जाते कुठे ते बघा. १०८० चा (फुल एचडी), सेकंदाला तीस फ्रेमचा साधा व्हिडिओ मिनिटाला ६० ते १३० एमबी खातो. फोर-के लावलं तर तीस फ्रेमला १७० एमबीच्या घरात, साठ फ्रेमला ४००. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये हे आकडे लिहिलेलेच असतात, अँड्रॉइडवरही थोड्याफार फरकानं तेच. मिनिटाला १०० एमबी धरा, दोन तासांची बैठक १२ जीबी. तुमच्या टॅबमध्ये अशा चार मावतील.

आता आवाज. एका माणसाचं गाणं, एक माइक, म्हणजे मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) पुरे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. याला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास लागतात, तासाला अर्धा जीबी. दोन तासांची बैठक एका जीबीत बसली. नंतर फ्लॅक या फाइल-प्रकारात बदललंत तर साधारण निम्मी होते आणि आवाज तसूभरही कमी होत नाही. एमपीथ्रीत मात्र बदलू नका. त्यात जे गेलं ते परत आणता येत नाही. संग्रहाची मूळ प्रत एमपीथ्री नसावी, हे मी हात जोडून सांगतो.

१०० जीबीत अशा मोनो वेव्हचे सुमारे १९० तास राहतात. जागा तुम्हाला वाटतेय तेवढी कमी नाही.

शिरवणेकर | रविवार, सकाळी ७:४०

अविदादा, हिशोब पटला, पण एका बाबतीत असहमत. मी शिरवण्याचा, आमच्या घरात धवले ऐकत मोठा झालो. धवला नुसता ऐकायचा नसतो. हळद कुठल्या ओळीला लावायची, तांदूळ कधी टाकायचे, कलशाला हात कधी लावायचा, हे सगळं धवलारीण हातानं दाखवत असते. आवाज ठेवला आणि हात ठेवले नाहीत तर अर्धंच ठेवलं. माझी आत्या गायची. तिच्या आवाजाची एक कॅसेट आमच्याकडे आहे. ऐकताना कळतं की इथे ती थांबलीय, काहीतरी करतेय. काय करतेय ते सांगणारं आता कुणी नाही.

स्मिताताई, व्हिडिओ सोडू नका.

अवि_ऐरोली | रविवार, सकाळी ९:१५

शिरवणेकर, मान्य. हे मला माहीत नव्हतं. मग असं करता येईल: टॅबवर सलग आवाज, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फोनवर विधीच्या तेवढ्या भागांचा व्हिडिओ, साध्या १०८० मध्ये. दोन यंत्रं वेगवेगळी चालू असली की एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. घणसोलीत टॅबवर आवाज चालू असता तर ती बावीस मिनिटं ऐकायला तरी मिळाली असती.

खारघरकर | रविवार, सकाळी १०:०२

क्लाऊडच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत. दर महिन्याला भाडं भरायचं, आयुष्यभर. एकदाच हजारभर रुपये घालून १२८ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह घ्या, फोनला जोडायचा टाइप-सीचा. किंवा थोडे जास्त घालून एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची छोटी डिस्क. आपली वस्तू आपल्या कपाटात.

डेटाचंही तेच. लोकांना वाटतं डेटा फक्त बघण्यात जातो. फाइल वर चढवली तरी ती रोजच्या कोट्यातूनच जाते. दीड जीबी संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं एक जीबी चढवायला जवळपास ३५ तास लागतात, गणित करून बघा.

वसंतकाका_नौपाडा | रविवार, दुपारी १२:२०

खारघरकर, तुमचं डेटाचं गणित बरोबर, पण कपाटाचं पटलं नाही.

२६ जुलै २००५. माझी धाकटी बहीण तेव्हा बदलापूरला तळमजल्यावर राहायची. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माणसं वरच्या मजल्यावर गेली. कपाट खालीच राहिलं. आमच्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम, आजोबांचा एकुलता एक फोटो, सगळं त्या कपाटात. आठ दिवसांनी आम्ही फोटो एकमेकांपासून सोडवत बसलो होतो. आजोबांच्या फोटोचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून निघाला. तो तुकडा मी अजून ठेवलाय.

वस्तू आपल्या कपाटात असावी हे खरं. पण तिची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली पाहिजे. क्लाऊड म्हणजे माझ्या लेखी दुसरं छप्पर. त्याचं भाडं मी आनंदानं देतो.

खारघरकर | रविवार, दुपारी १२:४८

काका, वाचून गप्प झालो. शब्द मागे घेतो. दोन्ही पाहिजे.

मुग्धा_नेरूळ | रविवार, दुपारी ३:३०

दरांबद्दल मला माहीत आहे ते लिहिते. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. पूर्वी फोटो थोडे दाबून ठेवले तर ते मोजत नसत. १ जून २०२१ पासून चढवलेले सगळे मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता यातच धरतात. अनेकांची १५ जीबी तिथेच भरलेली असते, आधी ते तपासा. आयक्लाऊड ५ जीबी फुकट, वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २.

विकतचं म्हणाल तर मी गूगलची १०० जीबी घेतली तेव्हा महिना १३० आणि वर्षाचे एकदम भरले तर १३००. घरातल्या आणखी पाच जणांना त्यात घेता येतं आणि कुणाच्या फाइल कुणाला दिसत नाहीत. मैत्रिणीकडे आयफोन आहे, ती ५० जीबीचे महिन्याला ७५ भरते.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. मी कथक शिकवते. विद्यार्थिनींच्या अरंगेत्रमपासून वर्गातल्या रियाझापर्यंत सात वर्षांचे व्हिडिओ एका क्लाऊडच्या भरवशावर होते. फोन भरला म्हणून एका संध्याकाळी गॅलरीतून जुने व्हिडिओ काढून टाकले. वर आहेत ना, मग इथे कशाला, असा विचार केला. ते दोन्हीकडून गेले. अ‍ॅप फोन आणि क्लाऊड एकसारखं ठेवत होतं (यालाच सिंक म्हणतात), इथलं काढलं की तिथलंही काढत होतं. मला तीन महिन्यांनी कळलं. तोवर कचराटोपलीची मुदत उलटून गेली होती. माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला तोडा त्यात होता, ती आता परदेशात असते.

स्मिता, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. हे एवढं वाक्य फोनच्या पाठीला चिकटवून ठेव. गूगल फोटोमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय फक्त फोनमधली प्रत काढतो, पण तिथेच फोटो निवडून डिलीट केला तर दोन्हीकडून जातो. टोपलीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, ड्राइव्हच्या टोपलीत ३० दिवस. नंतर काही करता येत नाही.

निशिगंधा | रविवार, दुपारी ३:५५

मुग्धाताई, कथकमध्ये अरंगेत्रम म्हणतात का? आमच्याकडे तो शब्द भरतनाट्यमला ऐकलाय.

मुग्धा_नेरूळ | रविवार, दुपारी ४:१०

बरोबर पकडलंस. आमच्याकडे मंचप्रवेश म्हणतात. शेजारचा वर्ग भरतनाट्यमचा आहे, पालकांच्या तोंडी तोच शब्द बसलाय आणि माझ्याही.

अवि_ऐरोली | रविवार, संध्याकाळी ६:००

एक महत्त्वाचं राहिलं. गूगल फोटो फक्त फोटो आणि व्हिडिओ उचलतं. आवाजाच्या फाइल आपोआप कुठेही जात नाहीत, त्या ड्राइव्हमध्ये हातानं टाकाव्या लागतात. आणि फोटोमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर व्हिडिओ दाबला जातो. मूळ हवा असेल तर ‘ओरिजिनल’ निवडा किंवा सरळ ड्राइव्हमध्ये टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं पोचतं. साध्या व्हिडिओसारखं पाठवलं की चोथा होतो.

शिरवणेकर | रविवार, संध्याकाळी ६:२५

अवांतर: हा क्लाऊड असतो तरी कुठे? आई विचारतेय, ढगात ठेवलेलं पावसात खाली येतं का.

अवि_ऐरोली | रविवार, संध्याकाळी ६:४०

आईंना सांगा, ढग जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत रांगेनं ठेवलेले संगणक. आपल्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात अशी कितीतरी डेटा सेंटर आहेत. जिथे पूर्वी रसायनांचे आणि कापडाचे कारखाने होते तिथे आता ही उभी राहतायत. समुद्राखालच्या केबल मुंबईत वर येतात म्हणून ही सगळी गर्दी इकडे. तुमची फाइल नेमकी कुठल्या इमारतीत आहे ते मात्र बाहेरून कळत नाही.

कळव्याचा_संदीप | रविवार, रात्री ९:१८

सगळं वाचलं. आता माझा अनुभव ऐका, म्हणजे तुमचं तसं व्हायला नको.

मागच्या दिवाळीत ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत फोन गेला. घाबरलो नाही, कारण सगळं क्लाऊडवर होतं. घरी येऊन बायकोच्या फोनवर लॉगिन करायला गेलो तर ओटीपी मागितला. ओटीपी जाणार चोरीला गेलेल्या नंबरवर. दुसऱ्या दिवशी तेच सिम नव्यानं घेतलं. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, फसवणूक टाळायला तसा नियमच आहे. मी तोवर ते जाणत नव्हतो. दीड दिवस मी माझ्याच फोटोंच्या दाराबाहेर उभा होतो. त्यात वडिलांच्या ऑपरेशनचे रिपोर्टही होते आणि डॉक्टर मागत होते.

गूगलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, दहा कोड, आठ-आठ आकड्यांचे. कागदावर लिहून घरात ठेवा, फोनमध्ये नव्हे. फोन गेलाच तर पोलीस तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. माझा फोन मिळाला नाही, पण निदान कुणाला वापरता येणार नाही.

आणि आधार, पॅन, लायसन्स क्लाऊडच्या फोल्डरमध्ये ठेवण्यापेक्षा डिजिलॉकरमध्ये ठेवा. तिथे आलेली कागदपत्रं मूळ प्रतीसारखीच धरतात.

वसंतकाका_नौपाडा | रविवार, रात्री ९:४४

संदीप, आत्ताच उठून कोड काढले. देव्हाऱ्याच्या खणात ठेवले.

खारघरकर | सोमवार, सकाळी ८:३०

डेटाबद्दल मूळ प्रश्न राहून जातोय. मी कामासाठी पनवेल ते ठाणे रोज करतो, ट्रान्स-हार्बरवर. चालत्या गाडीतून मोठी फाइल चढवू नका. टॉवर बदलत राहतो, अर्ध्यात तुटली की काही अ‍ॅप पुन्हा शून्यापासून सुरू करतात आणि गेलेला डेटा गेलेलाच असतो.

माझा सल्ला, महागडा डेटा पॅक घेऊच नका. सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर बॅकअप’ चालू करा आणि ज्यांच्याकडे वायफाय आहे अशा घरी आठवड्यातून एकदा चढवा. अपलोड २० एमबीपीएस मिळालं तर एक जीबी सात मिनिटांत जाते. मोबाइलवरूनच करायचं असेल तर फाइव्ह-जी फोन आहे का बघा. जुलै २०२४ पासून जिओनं अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलंय. माझा ३४९ चा आहे, दीड जीबीवाला २९९ चा. पन्नास रुपयांचा फरक. फक्त हे २८ दिवसांचे महिने असतात, वर्षाला तेरा रिचार्ज होतात, ते बजेटमध्ये धरा.

मंजूताई_वाशी | सोमवार, रात्री ११:२०

मी इथे सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. ठाणे खाडीवर रोहित यायला लागले की ते पहाटे पाचला घर सोडायचे. सगळे फोटो त्यांच्या खात्यात. पासवर्ड त्यांनाच ठाऊक, कार्डही त्यांचंच. कार्ड बंद झालं, वार्षिक पैसे गेले नाहीत. जागा आधीच वरपर्यंत भरलेली, त्यामुळे त्यांच्या मेलवर येणारी पत्रंही थांबली. विम्याचा पत्रव्यवहार त्याच मेलवर होता. मुलानं अर्ज-विनंत्या करून काही फोटो मिळवले, सगळे नाही मिळाले.

नंतर कळलं की गूगलमध्ये आधीच ठरवून ठेवता येतं, इतके महिने मी आलो नाही तर अमुक माणसाला माझा डेटा द्या. आयफोनमध्येही वारस नेमता येतो. दोन वर्षं कुणी खातं उघडलंच नाही तर गूगल ते काढूनही टाकू शकतं. स्मिता, तू जे गोळा करतेयस ते तुझ्या एकटीचं नाही. तुझ्यानंतर ते कोण उघडेल, त्याचं नाव आजच घाल. वाईट वाटून घेऊ नकोस, मी मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगतेय.

निशिगंधा | सोमवार, रात्री ११:४१

मंजूताई 🙏 लिहीत जा.

शिरवणेकर | मंगळवार, सकाळी ७:१०

मंजूताईंच्या मुद्द्याला जोडून. स्मिताताई, त्या आज्यांना विचारलंय का, त्यांचा आवाज कुठे ठेवणार ते? लिंक उघडी राहिली तर उद्या कुणीही उचलून डीजेत घालेल. आमच्याकडे काही धवले लग्नघराबाहेर गातच नाहीत. त्यांचा शब्द घेऊनच ठेवा.

चेंदणीची_स्मिता | पुढचा रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आठवडाभर एकेक करत गेले, ते सांगते.

आधी जागा तपासली. १५ पैकी ९ जीबी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप होता, त्यात बहुतेक शुभ सकाळ. तो आवरला. तरी १०० जीबी वर्षभरासाठी घेतली, मुग्धाताईंनी सांगितलेल्याच दरानं. डेटा प्लॅन होता तोच ठेवला. माझी बहीण नेरूळला राहते, तिच्याकडे वायफाय आहे. दर शनिवारी मुक्कामाला जायचं आणि रात्री लावून झोपायचं असं ठरलं. काल पहिली खेप झाली, ३० जीबी, सकाळी उठले तेव्हा पूर्ण होती. फोनमधून काहीही काढण्याआधी बहिणीच्या फोनवर तीन फाइल उघडून ऐकल्या. मग काढल्या. एसएसडीही घेतली, एक्सफॅट करून, म्हणजे मोठ्या फाइल बसतील अशा पद्धतीनं फॉरमॅट करून. जुन्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नव्हती, ते दुकानदारानं समजावलं. ती डिस्क चेंदणीला न ठेवता बहिणीकडे नेरूळलाच ठेवलीय, वसंतकाकांचं ऐकून. बॅकअप कोडचा कागद आईच्या पेटीत आहे. वारस म्हणून भाचीचं नाव घातलं, ती बारावीला आहे, आणि तिला माझ्याबरोबर बैठकीला न्यायला लागलेय.

शिरवणेकरदादा, तुम्ही म्हणालात ते मी केलंच नव्हतं. आज घणसोलीला गेले तेव्हा आधी तेच विचारलं. आजींना सांगितलं, तुमचा आवाज तीन ठिकाणी ठेवणार, कुणी चोरू नये म्हणून कुलूप लावणार, आणि तुम्ही नको म्हणाल ते ठेवणार नाही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दोन धवले तुला ऐकवीन पण यंत्र बंद ठेव. बाकीचे घे. ते दोन मी नुसते ऐकले.

बाकीच्यासाठी टॅबवर मोनो वेव्ह लावलं, फोनवर विधीचा व्हिडिओ. दोन्ही विमान मोडवर टाकले, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. सुरू करण्याआधी भाचीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, टॅबवर ४१ जीबी मोकळी. मागच्या वेळी तुटला होता तिथून आजींनी मांडवाचा धवला पुन्हा धरला. तेव्हा बावीस मिनिटं गेली होती, आज त्या एकतीस मिनिटं गायल्या. मधे एक कडवं असं आलं जे मागच्या वेळी त्यांनी गायलंच नव्हतं, मला नक्की आठवतंय. थांबून म्हणाल्या, हे माझ्या सासूचं, आत्ता आठवलं.

फाइल अजून टॅबवरच आहे. शनिवारी नेरूळ.